तलंगांना दिलेलं औषध

माय, तुझ्या कोंबड्यांबद्दल लिहायला बसले आहे. माझी नोकरी संपून आता वर्ष होत आलं. दुपारी घरात मी एकटीच असते, आणि तू डोळ्यांपुढं येतेस ती चुलीपाशी किंवा शेतात नाही, तर गोठ्याच्या कोपऱ्यात उकिडवी बसलेली. एक पांढरी तलंग तू मांडीवर धरली आहेस आणि तिच्या छातीचं हाड बोटांनी चाचपते आहेस. अंड्यावर यायच्या आतल्या कोवळ्या कोंबडीला आपल्याकडं तलंग म्हणतात. आता माझ्या घरात हा शब्द कुणाला कळत नाही. जिथं मांस भरलेलं असायला हवं, तिथं तुझ्या बोटांना नुसती हाडाची धार लागते. तू तिला खाली सोडतेस, दुसरी उचलतेस. तिथंही तेच.

ती पिलं मामानं आणली होती. वाळूजला नव्यानं कंपन्या उभ्या राहत होत्या, तो तिथं कामाला लागला होता. पंचमीला आला तेव्हा भोकं पाडलेल्या खोक्यात सुधारित जातीची वीसेक पिलं घेऊन आला. "अंडी लई देतात म्हणं, अक्का. तुला बी जरा इरंगुळा हुईल," असं म्हणाला. आत्यानं खोक्याकडं बघितलंसुद्धा नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेली ती बाई. तिला कोंबड्यांचा विटाळच होता. "आणल्यात तर गोठ्यात ऱ्हाऊ दे. उंबऱ्याच्या आत पीस दिसता कामा नये," एवढंच तिनं सांगितलं. आपल्या घरात तिचा शब्द शेवटचा. रझाकारांच्या धामधुमीत तिचा नवरा गेला, विशीच्या आत ती माहेरी परत आली, आणि आई नसलेल्या धाकट्या भावाला, माझ्या वडिलांना, तिनंच वाढवलं. वडिलांनी तिच्यापुढं कधी मान वर केली नाही. मग तू कुठून करणार.

पाऊस त्या वर्षी लांबला. गोठ्यातली माती वाळतच नव्हती, बैलांच्या मुतानं आणि गळणाऱ्या पत्र्यानं कायमची ओली. पिलं त्यातच चोची मारत मोठी झाली, म्हणजे वयानं मोठी झाली. अंग काही धरेनात. दाणे टाकले की तुटून पडायची, आणि तरी पंख लोंबलेले, तुरे फिके, पाय काड्यांसारखे. तू कण्यांत लसूण ठेचून घातलास, हळद कालवलीस, कडुलिंबाचा पाला उकळून पाजलास. आमची भाकर थापायच्या आधी तू त्यांच्याकडं जाऊन यायचीस. एकदा मी शाळेतून भुकेली आले, चूल थंड होती, आणि मी चिडून म्हणाले, "मरतात तर मरू दे की. कोंबड्याच तर हायेत." तू माझ्याकडं वळलीस. तुझा आवाज चढला नव्हता, म्हणून तो मला अजून ऐकू येतो. "परत असं बोलायचं नाय. खाऊन बी जे वाळतंय, त्याला मरू दे म्हणू नये." मग तू माझ्यासाठी पीठ मळायला घेतलंस. मी भाकर खाल्ली, पण तू काय बोललीस ते मला त्या दिवशी समजलं नाही.

समजायला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं. तोवर चार-पाच तलंगा गेल्या होत्या. त्या सकाळी आणखी एक मेलेली सापडली तेव्हा तू तिला कागदात गुंडाळून एका पिशवीत घातलंस, जिवंत असलेली पण उभी राहू न शकणारी एक दुसऱ्या पिशवीत घातलीस, आणि मला म्हणालीस, "चल, गंगापूरला जाऊ. जनावराच्या दवाखान्यात." आत्या ओट्यावर ज्वारी पाखडत होती. "मेलेली कोंबडी घेऊन दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील. नजर लागलीय तुझ्या कोंबड्यांना, मिठमोहऱ्या उतरून टाक," ती म्हणाली. तू चपला घातल्यास. तिला काही उत्तर न देता तू घराबाहेर पडलीस, हे मी पहिल्यांदाच बघत होते. जीपमध्ये शेजारच्या माणसानं नाकाला धोतराचा सोगा लावला आणि विचारलं, "मावशी, काय हाय पिशवीत?" तू म्हणालीस, "दुखणेकरी हाय."

दवाखान्याच्या मागं सिमेंटचा एक ओटा होता. डॉक्टर तरुण होता, बोलायला मोकळा. त्यानं जिवंत तलंगेचे डोळे बघितले, छाती दाबली, तुझ्यासारखीच. "जंत असतील, नाहीतर रक्ती हगवण असेल. बाहेरून सांगता येत नाही. उघडून बघू," म्हणाला आणि मेलेलीचं पोट त्यानं आमच्यासमोर कापलं. मला वाटलं तू मान फिरवशील. तू आणखी जवळ गेलीस. त्यानं आतडं लांब चिरलं आणि आतून पांढरे, बोटभर लांबीचे जंत बाहेर आले. इतके की त्यांनी आतडं तटतटून भरलं होतं. "बघा," तो म्हणाला, "तुम्ही घालताय ते हे खातायत. कोंबडी उपाशीच."

मग तो बादलीतल्या पाण्यानं हात धुऊ लागला आणि औषध कसं द्यायचं ते सांगू लागला. संध्याकाळी पाण्याचं भांडं काढून घ्यायचं, म्हणजे सकाळी तहान लागलेली असेल; मग थोड्याच पाण्यात औषध मिसळून ठेवायचं, सगळं पितील. ज्यांना पिता येत नाही त्यांच्या चोचीत थेंब सोडायचे. खालची ओली माती खरवडून काढायची, विष्ठा जाळायची, पंधरा-वीस दिवसांनी परत एकदा औषध द्यायचं. तू सगळ्याला मान हलवत होतीस. तो बोलायचा थांबला तेव्हा तू विचारलंस, "साहेब, हे माणसाच्या लेकराला बी होतं का?"

"माणसाचे जंत निराळे. पण होतात की. खेड्यात तर पोरांना सर्रास."

"मग कसं कळतं?"

"पोट डेऱ्यासारखं होतं, हातपाय वाळतात. खाखा सुटते, तरी अंग धरत नाही. काही पोरं माती खातात." पंच्याला हात पुसत, अगदी सहज तो सांगत होता. "गोळी मिळते त्याची. सरकारी दवाखान्यात फुकट देतात. का, तुमच्या पोराला काही त्रास आहे?"

"नाय," तू म्हणालीस. "आता नाय."

तेव्हा मला समजलं. माझ्या पाठीवर झालेला धाकटा भाऊ, आपला तो, तीन वर्षांचा होऊन गेला, तेव्हा मी सहाएक वर्षांची असेन. त्याचं फुगलेलं पोट मला आठवतं, आणि कमरेचा काळा दोरा. तो भिंतीचे पोपडे नखानं काढून तोंडात घालायचा. भाकरीचा तुकडा दिसला की हात पुढं. "खातंय तर चांगलं, वाळतंय म्हंजे नजर हाय," असं आत्या म्हणायची. तिनं दोरे बांधले, अंगारा आणला, त्याला मांडीवर घेऊन रात्र-रात्र जागली. तू शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणालीस तेव्हा आत्या म्हणाली, "तिथं नेलेलं लेकरू परत येत नसतं." वडील बैल सोडायला निघून गेले. तू परत म्हणाली नाहीस. नंतर एका भर दुपारी तो गेला, तुझ्या खांद्यावरच. पाठ थोपटणारा तुझा हात बराच वेळ थांबला नव्हता.

गंगापूरच्या स्टँडवर आपण बसलो. आपल्या गावाची एसटी लागली, मी उठले, तू उठली नाहीस. "माय, गाडी लागली." "दुसरी येईल." गाडी निघून गेली. पिशवीतून तलंगेनं मान बाहेर काढली होती, तिच्यावर तू पदर धरलास, ऊन लागू नये म्हणून. बऱ्याच वेळानं तू म्हणालीस, "गोळी फुकट देतात म्हणला ना तो?" मी म्हणाले, "व्हय." याहून जास्त काय बोलायचं असतं ते मला आजही नीट ठाऊक नाही.

घरी आत्यानं विचारलं, "काय निघालं?"

"जंत होते," तू म्हणालीस.

"कुणाला?"

तू तिच्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील. इतक्या वर्षांचं सगळं आता ओट्यावर येऊन पडेल. पण तू म्हणालीस, "कोंबड्यांना," आणि गोठ्याकडं गेलीस.

डॉक्टरनं सांगितलं तसंच तू सगळं केलंस. दिवसभर फावड्यानं ओली माती काढलीस, कोरडा मुरूम आणून पसरलास, चुलीतली राख टाकलीस. सकाळी तांब्यानं मोजून औषधाचं पाणी केलंस. ज्या उभ्या राहत नव्हत्या त्यांना एकेक करून मांडीवर घेतलंस, चोच उघडून कापसाच्या बोळ्यानं थेंब सोडलेस, गिळेपर्यंत मान वर धरलीस. दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंतच जंत पडले. ते तू खराट्यानं गोळा केलेस, तुराट्या घालून पेटवलेस आणि जळून संपेपर्यंत तिथंच उभी राहिलीस. धूर तुझ्या तोंडावर येत होता, तू बाजूला झाली नाहीस.

त्या संध्याकाळी आत्यानं मला जवळ बोलावलं. "डॉक्टर आणखी काय म्हणला? ही काही बोलंना." मी सांगितलं. पोटाचं सांगितलं, मातीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. आत्याचा हात माळेवर होता, तो तिथंच राहिला. त्या रात्री ती जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली.

दुसऱ्यांदा औषध द्यायचा दिवस आला तेव्हा तू गोठ्यात एकटी होतीस, मी दारात. आत्या माझ्या बाजूनं आत गेली. जन्मात कोंबडीला हात न लावलेली बाई तुझ्यासमोर मातीत बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. तू मांडीवरची तलंग तिच्या हातात दिलीस. "पंख दाबून धरा, वन्सं. मान सोडा," तू म्हणालीस. आत्यानं तशी धरली. पिसं तिच्या लुगड्याला चिकटली. तुम्ही दोघींनी मिळून सगळ्यांना औषध दिलं.

आठ-दहा तलंगा जगल्या. थंडी सरता सरता त्यांचे तुरे लाल झाले, छाती भरली, अंगावर पांढरी तुकतुकी आली. पहिलं अंडं मिळालं तेव्हा मी ते नाचवत तुझ्याकडं आणलं. तू ते हातात घेतलंस, बघितलंस आणि परत माझ्या हातात ठेवलंस. तुला आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण त्या जसजशा भरत गेल्या, तसतशी तू गप्प होत गेलीस. हे मला फार उशिरा कळलं, माझी स्वतःची मुलं झाल्यावर. त्या सगळ्या मेल्या असत्या, तर तुला म्हणता आलं असतं की काहीच करता येत नव्हतं. त्यांचं बरं होणं तुला रोज सकाळी दाणे टाकताना बघावं लागत होतं. संक्रांतीनंतर मामा आला तेव्हा तू त्याला म्हणालीस, "घेऊन जा समद्या. वन्संना चालत नाय." आत्या तिथंच बसली होती.

पुढं आत्या अंथरुणाला खिळली. तिचं सगळं तूच केलंस, वर्षभर, तोंड वाकडं न करता. शेवटच्या दिवसांत मी गावी आले होते. तू तिला पेज भरवत होतीस. मध्येच तिनं तुझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला ठावं नव्हतं गं." कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. तू चमचा तसाच धरून राहिलीस. मग म्हणालीस, "मला तरी कुठं ठावं होतं. तोंड उघडा, गार होतंय." मला वाटतं, तू तिला माफ केलंस. स्वतःला केलं नाहीस. तिच्यानंतर सहा-सात वर्षांत तूही गेलीस. त्या वर्षांत तू माझ्या मुलांचे दंड दोन बोटांत धरून बघायचीस, त्यांना हसू यायचं, आणि मी आतल्या खोलीत निघून जायची.

हे तुला पाठवायचं कुठं? तुला तर अक्षरही येत नव्हतं. माझी पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. हे त्याच्याकडून वाचून घेण्यासारखं नाही. तरी एक गोष्ट उरली आहे, ती लिहिते आणि थांबते. मी तीस वर्षं शहरातल्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर काम केलं. लहान मुलांचे डॉक्टर रोज माझ्यासमोरून जायचे, चहाला बसायचे, घरचं बोलायचे. तू गेल्यावर एकदा मी त्यांतल्या एकीला विचारायला सुरुवातही केली होती, की तीन वर्षांचं मूल, पोट फुगलेलं, माती खाणारं. ती म्हणाली, "कुणाचं आहे, आणा की उद्या." मी म्हणाले, गावाकडचं आहे, बघते. त्या एका गोळीनं तो खरंच वाचला असता का, की त्याला आणखी काही होतं, हे मला कुणीही सांगू शकलं असतं. समज, ती म्हणाली असती की नाही, गोळीनं काही झालं नसतं, तर ते ऐकायला तू नव्हतीस. मग तू जे जन्मभर सोसलंस ते विनाकारण होतं, एवढंच माझ्या हातात उरलं असतं. म्हणून मी विचारलं नाही, माय. अजूनही विचारलेलं नाही.