आईच्या खोलीचं दार

दादा,

तू घरात नाहीस आणि तुझा फोन बंद येतोय, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवतेय. आई तिच्या खोलीत पडली. मी एक वाजता घरी आले तेव्हा जमिनीवरच होती. मनगट टम्म सुजलंय, डॉक्टरांकडे नेतेय.

वायफायचं पार्सल येईल. दोन राउटरचा सेट आहे, फोडू नकोस, परत पाठव. आपल्याला तीनचा लागेल, आणि तिसरा आईच्या पलंगाशेजारीच लावायचा. तुझ्या त्या स्वस्तातल्या रिपीटरचं नावही काढू नकोस, माझं डोकं फिरेल.

चूक माझीच आहे. रविवारी फोन घेऊन घरभर फिरले, खोलीखोलीत रेंज बघितली. आईच्या खोलीत दोन कांड्या दिसल्या आणि मी खूश होऊन दोनचाच सेट मागवला. पण तेव्हा सगळी दारं उघडी होती. तुझ्या मीटिंगमध्ये टीव्हीचा आवाज नको म्हणून आई दिवसभर दार लावून बसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दार लावलं की तिथे एकही कांडी राहत नाही, आणि आपल्या घरात फोन वायफायशिवाय लागतच नाहीत.

तिच्या फोनवर बघितलं. साडेअकराला तिने तुला चार वेळा फोन लावलाय. तेव्हा तू वरच्या खोलीतच होतास.

मी चिडून विचारलं, "अगं, मग हाक का नाही मारलीस?"

म्हणाली, "त्याची मीटिंग चालू होती ना."