साधं पेट्रोल

कमरीपेठ, हुबळी
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. विनायकभावोजी आणि चि. सौ. अर्चना यांना अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही.

अण्णा हयात असतानाची गोष्ट. त्या सकाळी आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. दूध गॅसवर ठेवून मी हंडे भरत होते, आणि तुमचे अण्णा परसात जुन्या बनियनच्या चिंधीने येझदी मोटारसायकल पुसत बसले होते. मी ओरडले, "निदान दोन बादल्या तरी उचला!" ते म्हणाले, "हिची टाकी पुसून होऊ दे, मग तुझी भरतो." तेवढ्यात दूध उतू गेलं. मी गॅस पुसत असताना ते दारात येऊन आणखी एक वाक्य बोलले. ते खाली लिहिते. आधी रविवारचं सांगते, म्हणजे हात मोकळा होईल.

रविवारी विद्यानगरात एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या मोटारसायकलींचं प्रदर्शन भरलं होतं. पेपरात चारच ओळी होत्या. माझी शाळा तिसरीपर्यंतची, वाचायला शिकले ती आपल्या किराणा दुकानातल्या पुड्यांच्या रद्दीवर. तेव्हापासून पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची सवय आहे, म्हणून त्या सापडल्या. शेजारच्या जयलक्ष्मीअक्कांना म्हटलं, चला.

"एन्री, काय हो वैनी, मठाला जायचं वय आपलं, आणि फटफटी बघायला?"

"मठ रोज उघडा असतो. फटफट्या एकच दिवस आहेत."

आल्या. रिक्षात वाटभर मला हसत होत्या.

भावोजी, काय ते मैदान! साठ-सत्तर गाड्या उन्हात ओळीने उभ्या. एकीला शेजारी बसायची डोली जोडलेली, एकीचं चाक मोटारीच्या चाकाएवढं रुंद. मालक लोक आपल्या गाडीपाशी असे उभे, जसे नवरीचे मामा. अक्कांनी धुराने नाकाला पदर लावला. मी मात्र पोटभर श्वास घेतला. चार वर्षांत तो वास घेतला नव्हता.

शेवटच्या ओळीत आपल्यासारखीच येझदी होती, तपकिरी, दोन सायलेन्सरांची. धारवाडचे परशुराम मिस्त्री म्हणून कुणी, पांढऱ्या मिशांचे, तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते.

मला म्हणाले, "अक्का, फोटो काढायचा का? बसा वर."

"फोटो नको. चालू करून ऐकवा."

त्यांनी गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली, तीच तिची किक, आणि गाडी पहिल्या फटक्यात बोलायला लागली. मी डोळे मिटून ऐकलं. मग म्हटलं, "डावा सायलेन्सर चोंदलाय."

त्यांनी दोन्हींच्या मागे हात धरून पाहिला. गाडी बंद केली. "चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय. आणि हे मला एका वैनींनी सांगावं!" जयलक्ष्मीअक्का म्हणाल्या, "घ्या, आता यांना कामाला ठेवा." सगळे हसले. मग मिस्त्रींनी विचारलं, "तुमच्याकडे आहे का हो?"

"आहे. बंद आहे."

"कशी बंद पडली?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाला सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

अण्णा गेल्यावरची पहिली खंडेनवमी. ते असते तर गाडीला हळदकुंकू लावून, चाकाखाली लिंबू ठेवून, गल्लीत एक फेरी मारली असती. मला वाटलं, फेरी नाही तर नाही, पूजेच्या दिवशी गाडी मुकी नको. टाकी कोरडी होती. अक्कांच्या स्कूटरमधून बाटलीभर पेट्रोल घेतलं आणि ओतलं. या गाडीच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन कोरडं घासून आतून आवळतं. अण्णा जन्मभर मापाने मिसळत आले, मी जन्मभर पाहत आले, आणि त्या दिवशी विसरले. सुरू झाली. तो आवाज ऐकून मला बंद करवेना. अर्धा तास मूठ पिळत उभी राहिले. मग ती एकदा किंचाळली आणि थांबली. त्यानंतर किक हललीच नाही.

आठ दिवसांनी तुम्ही आलात आणि गाडी मागितलीत. जिच्यावर तुम्ही चालवायला शिकलात, ती मी मारली, हे कसं सांगू? म्हणून मी म्हटलं, "अण्णांची राख थंड झाली नाही, आणि तुमचा वस्तूंवर डोळा?" तुम्ही चहा न घेता उठलात. चार वर्षं बोलणं नाही. तरी दर दिवाळीला अर्चनाचा डबा येत राहिला, आणि माझ्या विधवा पेन्शनच्या कागदांसाठी तुम्ही बेळगावहून येऊन कचेरीत तीनदा उभे राहिलात, हे मला कारकुनाकडून कळलं. मी साधं पोचल्याचंही कळवलं नाही. चकल्या मात्र सगळ्या खाल्ल्या. अर्चना, तीळ माझ्यापेक्षा बरे घालतेस.

परशुराम मिस्त्रींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अक्का, मेली नाही हो ती. आत आवळून बसलीय. ऑइल पाजायचं, धीर धरायचा, फार तर पिस्टन बदलायचा. ही चूक घराघरात होते. आमच्या मास्तरांनी तर लग्नाच्या वरातीत केली, नवरी मागे बसलेली." मला हसू आलं, आणि हसता हसताच खाली बसावं लागलं. अक्कांनी पाणी दिलं. इतकी वर्षं जिचा खून केला असं मानून मी जगत होते, ती जिवंत होती.

आता ते वाक्य. अण्णा दारात उभे राहून म्हणाले होते, "सुलभा, माझ्यामागं गाडी विनूला दे. त्याच्याइतकी माया तिला कोण करणार?" मी म्हटलं, दूध उतू गेलंय आणि तुम्हाला हे सुचतंय. पुढे मी ते ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत राहिले. तुम्ही मागायला आलात तेव्हा तुमचंच मागत होतात. ते मला माहीत होतं.

क्षमा मागण्याइतके शब्द माझ्याकडे नाहीत. पण त्या चार ओळी छापणाऱ्याचे, अक्कांचे, मिस्त्रींचे आणि तुम्हा दोघांचे उपकार मला मोजता येत नाहीत, एवढं खरं.

काल सोमवारी सकाळी मी टेंपो बोलावला, गाडी त्यात चढवून सोबत धारवाडला गेले. मिस्त्रींनी वही काढून मालकाचं नाव विचारलं. मी तुमचं नाव आणि बेळगावचा पत्ता सांगितला.

चुकलेली, पण तुमचीच,
सुलभावहिनी