सात विरुद्ध एक

अहो कॉम्रेड,

हसू नका. जन्मभर सगळे तुम्हाला कॉम्रेड म्हणाले आणि मी अहो, म्हणून आज दोन्ही घातलंय. संजय काल संध्याकाळी येऊन गेला. तुमच्यानंतर पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी झाला, तोच. तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, तर तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं म्हणतोय. "वहिनी, तुमचं एक पान पाहिजेच. क्रांती आणि जागतिक शांतता यांत विरोध नाही, हे कॉम्रेडनी जगून दाखवलं, असं लिहा. उद्या न्यायला येतो."

सकाळपासून बसलेय. एक ओळ होत नाही. म्हणून मग तुम्हालाच लिहायला घेतलं.

पूर्वी आपल्या दारात चपलांचा ढीग असायचा. दूधवाल्याला आत यायला वाट नसायची आणि मी करवादायची. आता माझाच एक जोड असतो. मुलगी रविवारी पुण्याहून फोन करते, तेवढाच काय तो आवाज. काल संजयला चहा देताना लक्षात आलं, महिन्याभरात घरात दुसऱ्या कुणी कप उचललेलाच नाही.

तुम्हाला पंच्याण्णव सालची ती मीटिंग आठवते? याच खोलीत झाली होती. ऑगस्टात हिरोशिमाच्या दिवशी बाजारात सह्या गोळा करायचा आपला नेम. त्या साली मे महिन्यात चीननं अणुचाचणी केली होती. सह्यांच्या कागदावर तुम्ही लिहिलं होतंत, 'साम्राज्यवाद्यांची अण्वस्त्रे नष्ट करा'. मी म्हटलं, तिथं 'सगळ्यांची' असं लिहू. किती शांतपणे समजावलंत मला, वर्गातल्या पोरीला समजवावं तसं! कामगारांच्या राज्याचा बॉम्ब संरक्षणासाठी असतो, भांडवलदारांचा लुटीसाठी. मग मत घेतलंत. सात हात वर गेले, आणि पहिला हात तुमचा होता. माझ्या बाजूला मी एकटीच.

तेही चाललं असतं हो. हरायची सवय होती मला. पण आपली शिस्त! एकदा ठरलं की विरोध करणाऱ्यानंही तेच लोकांना पटवायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात तोच कागद घेऊन मी उभी.

सायखेड्याच्या यमुनाबाई, मेथी विकायच्या त्या, त्यांना मी मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यात त्यांच्याच बॉम्बचं हाय. बाकीच्यांकडं नाय का?"

मी म्हटलं, "आहेत. पण ते रक्षणासाठी ठेवलेत."

"आमच्या भाऊबंदानं बी कुऱ्हाड राखणीलाच ठेवली व्हती, ताई. बांधावरनं भांडान झालं तवा चालवलीच ना?" असं म्हणून हसल्या, आणि वर काय म्हणाल्या माहितीय? "घे अंगठा. तू काय खोटं सांगायची नाय."

हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. त्या अंगठ्याची लाज मला अजून वाटते. तुमचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझा आला होता.

मग अठ्ठ्याण्णव साल. आपल्याच देशानं वाळवंटात स्फोट केले आणि कॉलनीत पेढे वाटले गेले. तुम्ही पुठ्ठ्यावर 'बॉम्ब नको' लिहून फलक केलात, गळ्यात अडकवलात आणि दारात उभं राहून विचारलंत, "येतेस ना?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. अहो, गुडघा कुठला दुखत होता! तीन वर्षांचा राग होता तो. तुम्हालाही ते कळलं होतं. फलक सावरत जिना उतरलात.

नाशिक रोड स्टेशनसमोर तुम्ही दोन तास एकटे उभे होतात. परत आलात तेव्हा शर्टावर कुणीतरी फेकलेला गुलाल होता. जेवताना तुम्हीच सांगितलंत, कॉलनीतला एकजण सगळ्यांसमोर ओरडला, "चीनच्या वेळी कुठं होता, कॉम्रेड?" मी वाढत राहिले. शर्ट तुमचा तुम्ही धुतलात. त्या दिवशी मी शेजारी उभी असते तर काय बिघडलं असतं? माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं नव्हतंच तेव्हा!

आणि आता जे सांगायला हा सगळा कागद खर्च केला ते. हॉस्पिटलात, जायच्या दोन दिवस आधी, दुपारी नर्स सलाईन बदलून गेली आणि तुम्ही विचारलंत, "मालती, त्या सह्यांच्या वेळी तुझं बरोबर होतं का गं?"

संसाराच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंत, सांगितलं नाहीत. आणि मी? "आता तो विषय कशाला, पडा स्वस्थ." मला वाटलं, मी तुम्हाला जपतेय. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. नंतर बोलणं झालंच नाही. का नाही सांगितलं मी? एका शब्दाचं तर काम होतं!

तर ऐका. हो. माझं बरोबर होतं.

पण तुमचंही सगळं चूक नव्हतं, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं. मालेगावच्या संपातून आल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "लूम बंद पडले की गाव शांत दिसतं. कामगाराच्या घरची चूलही शांतच असते." अशा शांततेला तुम्ही कधी शांतता म्हटलं नाहीत, ते मला आजही पटतं. उपाशी माणसाला गप्प बसवून जगात शांतता येत नाही. पण आपल्या बाजूच्या बंदुकीला तुम्ही आधीच माफ करून टाकायचात. तिच्यापुढे जो पडेल त्याचीही आई असते, एवढंच माझं म्हणणं होतं. क्रांतीला ते ऐकू येत नसेल, तर तिचं आणि शांततेचं जमायचं नाही.

संजयला हेच देणार आहे. सात हात, माझा गुडघा, तुमचा प्रश्न, सगळं. तो म्हणेल, वहिनी, यानं कॉम्रेड लहान होतात. मला तसं वाटत नाही. मरताना स्वतःचं मत पुन्हा तपासायला काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ते छापणार नाहीत कदाचित. नाही तर नाही, पण त्यातला एक शब्दही मी बदलू देणार नाही, हे तुम्हाला वचन. तुम्ही असतात तर नक्की बदलायला सांगितलं असतंत. मी ऐकलं नसतं. दुपारभर भांडलो असतो आपण.

किती दिवस झाले हो, भांडून!

तुमची,
मालती