तळहातावरचं टायटॅनियम

काका, सकाळपासून तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. घोडबंदरला जायचंय आणि पाय उचलत नाही. तुमच्या डोंबिवलीच्या दुकानात घड्याळ उघडायला शिकलो, तेव्हा हे तुम्हालाच सांगतो.

रविवारी तिथल्या एका हौशी गृहस्थांकडे घड्याळं जमवणारी मंडळी जमली होती. त्यांची जुनी घड्याळं मी दुरुस्त करतो, म्हणून मलाही बोलावणं. गृहस्थांच्या मुलानं परदेशातून टायटॅनियमचं महागडं घड्याळ पाठवलंय, खास प्रवासाचं. एक काटा परमुलखाची वेळ दाखवतो, दुसरा घरची. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती हलकं! हातात आहे हेच विसरायला होतं." "अहो, एवढ्या किमतीचं घड्याळ विसरायला घ्यायचं?" शेजारचे बँकवाले. कुणी म्हणालं, "ठाणे-कल्याणला दुसरा काटा कशाला रे?" "घोडबंदरचा जॅम बघितला नाहीस तू!" सगळे हसतायत, आणि घड्याळ माझ्या तळहातावर येतं.

तुमचीच शिस्त: आधी तोलायचं, मग कानाला लावायचं, मग भिंग. मी तोललं आणि तोंडातून गेलं, "पोकळ लागतंय. अस्सल नसावं." हा धातू हलका असतो हे वाचलं होतं हो, पण जन्मभर पोलाद तोललेल्या हाताला कोण सांगणार? माझा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. गृहस्थांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, "बापाला नकली माल पाठवतोस?" पलीकडून फोन कट. मग मी भिंग लावलं. काम अगदी चोख. अस्सलच होतं. तरी भिंग खिशात घातलं, पुढ्यातले पोहे संपवले आणि घरी आलो. डॉक्टरीणबाईंकडून कळलं, बापलेक अजून बोलत नाहीत.

तुम्ही असतात तर दंडाला धरून पाठवलं असतंत. मोहने गावच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या कामगाराचं घड्याळ मी असंच नकली ठरवलं, तेव्हा म्हणाला होतात, "जीभ फार पुढे धावते रे तुझी. जा, त्याच्या दारात जाऊन चूक सांग." संध्याकाळी मी परत आलो, "सांगितलं" म्हणालो, आणि तुम्ही खूश होऊन स्वतःचा, घड्याळाचे पुर्जे उचलायचा चिमटा मला दिलात.

काका, मी त्याच्या दारापर्यंत गेलोच नव्हतो. कारखान्याच्या फाटकावरूनच मागे फिरलो. चिमटा मात्र ठेवून घेतला.