दादाचं जहाज

४ फेब्रुवारी, बुधवार

मिसाईलचं गणित जुळतच नाही! तेच अंतर, तेच जहाज — एकदा पार चिंधड्या, एकदा नुसता ओरखडा. पुण्याच्या कंपनीने मला घरबसल्या काम दिलंय ते हेच शोधायला : अंतराळातल्या लढाईच्या या गेममध्ये कुठलं शस्त्र किती नुकसान करतं. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. जमलं तर नोकरी पक्की.

बसवत नाही. उठते, अंगणात फेरी मारते, परत स्क्रीनसमोर. गेममधली जहाजं सारखी पळतात. समोर स्थिर उभं राहणारं कुणीतरी हवं. दादाला विचारू?

५ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. कारखान्यात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून दादा खाट सोडत नाही. मित्र टाकव्याहून मुद्दाम भेटायला येतात, तर हा भिंतीकडे तोंड करतो.

"तुला काही करायचं नाही. मोबाईल धर, जहाज नुसतं उभं ठेव. मी मारते."

"एवढंच व्हय? मग जमंल."

डाव्या हातात मोबाईल घेतला. दिवसभर मारलं त्याला. लेझर बरोबर आलं — आधी शील्ड, म्हणजे जहाजाभोवतीचं कवच, उतरवतं, मग पत्रा फोडतं. मिसाईल मात्र तसंच. कधी काही, कधी काही!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वैताग. लाईट दोनदा गेली.

आई भाकरी टाकता टाकता बघत होती. एकदम ओरडलीच, "अगं, त्यालाच काय मारतीयास सारकी? लय झालं त्याला तेवडं!"

दादा म्हणाला, "आये, मला लागत न्हाई त्यातलं काय."

कसं म्हणाला! जेवण गेलं नाही मला.

८ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!! पण आधी रागच आला. शंभरदा तपासलं, मिसाईलमध्ये काही खोट नाही. मग सहज दादाच्या मोबाईलमध्ये डोकावले. त्याचा अंगठा हलत होता.

"तू जहाज हलवतोयस?"

"जरा वळवत व्हतो. नुस्तं हुभं ऱ्हाऊन कटाळा आला."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं."

तीन दिवस वाया! बोलणार होते बरंच. तेवढ्यात तोच म्हणाला, "हे बघ, इंजिन चालू आसलं की मागची शील्ड बंद पडती. मागनं मार."

मारलं. फुटलं. इंजिन बंद करून मारलं — ओरखडा. पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी तसंच! मिसाईलचा दोषच नव्हता, कुठून लागतं त्यावर सगळं होतं.

मग लक्षात आलं. दादाला कंटाळा आला! किती महिन्यांनी त्याला कशाचा तरी कंटाळा आला. स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले, आणि मलाच म्हणाली, "रडतीस काय?"

९ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट पाठवला. उत्तर नाही. दहा वेळा फोन बघितला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाने आज दाढी केली. चहा घेताना आईला म्हणाला, "मशिनीची जाळी सायबानंच काडाय लावली व्हती. काम पटापट व्हावं म्हून. जाळी असती तर हात आत गेलाच नसता. वर मला म्हनला, गप बस. म्या बसलो." मग माझ्याकडे बघून, "वडगावला पोलिसांत चल माज्यासंगं. आता सांगतो."

आईने चूल विझवली. "थांबा, म्याबी येती."