गरम करून देऊ का?

प्रिय आई,

तू पाठवलेलं खोकं पोचलं. झबलं आत्ताच आखूड होतंय, एवढी वाढलीये त्सुमुगी. ऐकून तुला बरं वाटेल म्हणून आधी हेच लिहिलं. अक्षर माझं शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे, समजून घे. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून "सगळं छान" निघून जातं, म्हणून कागद घेतला.

तुझा जावई रेइजी बोटीवर गेलाय. जाताना म्हणाला, "दोघी मजा करा." पोर रडते, मी पाजते, ती झोपते, मी ओट्याशी उभ्याउभ्या गार भात खाते, ही आमची मजा. बाळंतपणाला माहेरी ये म्हणून तू किती मागे लागलीस. मी म्हणलं, तुझे टोमणे ऐकत बाळंत व्हायचं नाही मला. तू म्हणालीस, "बरं बाई, मोठी झालीस तू." नाही झाले गं.

गेल्या आठवड्यात ती झोपली होती म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिला घरात ठेवून. भाताच्या गोळ्याची एक ओनिगिरी घ्यायची आणि पळत यायचं, एवढंच मनात होतं. सामन मासा भरलेली घेतली. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "गरम करून देऊ का?" मला वाटलं चेष्टा करतायत. आपल्या शिझुओकात दुकानातली ओनिगिरी कोण गरम करतं? वरचं शेवाळाचं पान पार लिबलिबीत होतं. पण इथे होक्काइदोत सगळ्यांनाच असं विचारतात म्हणे. बाजारहाट रेइजीच करतो, मला काय माहीत. पण आई, तुला काय हवं असं मला कुणी विचारून किती दिवस झाले होते. मी हो म्हणलं.

गरम होती म्हणून तिथेच खिडकीपाशी बसले. बाई म्हणाल्या, "सावकाश खा पोरी, बर्फ काही पळून जात नाही." संपल्यावर मी दुसरी घेतली. तीपण गरम करून. पोरीला मी विसरले नव्हते गं. विसरले असते तर बरं झालं असतं. मला सगळं आठवत होतं आणि मी खात होते.

घरी आले तर रडणं पार जिन्यात ऐकू येत होतं. पांघरूण तोंडावर आलेलं, आत ती घामानं भिजलेली, लालबुंद. उचलली तर माझ्याच गळ्याला चिकटली. दुसऱ्या कुणाला चिकटणार?

शेजारीण म्हणते, "किती शांत आई मिळालीये पोरीला." रेइजीला यातलं काही ठाऊक नाही. काल ती रडायला लागली आणि मी तिच्याकडे न जाता बूट घातले. दारात उभी राहिले, मग काढले. पुढच्या वेळी काढीन की नाही, मलाच कळत नाही. म्हणून लिहितेय. तू ये. लोकांना सांग, नात बघायला चाललेय. पण ये, आणि मला तिच्यापाशी एकटीला ठेवू नकोस.

वाट बघणारी तुझीच,
चिनात्सु