पिक्चरातल्या कलेक्टरची सही

आई, गेल्या महिन्यात मी तो पिक्चर पाहिला. तू सांगायचीस तो, कलेक्टरचा. इतकी वर्षं पाहिला नव्हता, कारण पाहायचा नव्हता. मिळत नाही असं मी स्वतःला सांगत आले. तो मिळत होता.

निमित्त कॉलेजातलं. मी शिरूरला साहित्य शिकवते, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी अजून परीक्षा देत होते. वर्गातल्या मुलांनी ठरवलं की प्रत्येकाने सिनेमातला आपला आवडता प्रसंग सांगायचा आणि तो का लक्षात राहिला तेही सांगायचं. कोणी मारामारी सांगितली, कोणी निरोप. कारेगावहून येणारा एक मुलगा म्हणाला, "नायिका दार उघडती, तेवढ्यात आमच्याकडं लाईट गेली. दाराबाहेर कोण होतं ते मला आजपर्यंत माहीत न्हाई. म्हणून तोच सीन." बाकीचे हसले. मला ते सगळ्यांत खरं उत्तर वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगते. माझ्याकडे एकच प्रसंग होता आणि तो मी पाहिलेलाच नव्हता. तो तू पाहिला होतास.

तू कधी पूर्ण गोष्ट सांगितली नाहीस. कोण कोणाचा नवरा, शेवटी काय झालं, हे तुला आठवत नसे. तुला तुकडे आठवत. शेवंतीच्या वावरात आपण फुलं तोडतोय, तुझ्या ओटीत फुलं आहेत, आणि तू मध्येच म्हणतेस, "त्या बाईनं चिठ्ठी उघडायच्या आदी हात पुसलं. दोन्ही हात, पदराला." बस. पुढे काही नाही. मी विचारते, चिठ्ठीत काय होतं? तू म्हणतेस, "काय की. हात पुसलं, तेवढं ध्यानात हाय." दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरात एका माणसाला चारचौघांत मारतात आणि तो आधी पडलेली टोपी उचलतो. नायक-नायिका तुला लागत नव्हते. मी पुढे वर्गात पुष्कळ मोठमोठे शब्द वापरून जे शिकवलं, ते असंच काहीतरी होतं: माणूस काय बोलतो ते विसरतं, हाताने काय करतो ते राहतं.

कलेक्टरचा तुकडा तू सगळ्यात जास्त वेळा सांगितलास. कचेरीत एक म्हातारी येते. शिपाई तिला हटकतो. आतून कलेक्टर उठून येतो, तिला खुर्ची देतो, तिचा अर्ज उभ्यानेच वाचतो आणि सही करतो. "डाव्या हातानं," तू म्हणायचीस. "नुसता हात दिसतो. गाणं न्हाई, वाजाप न्हाई. कागदावर टाक वाजतो."

मी डावरी. पहिलीत गुरुजींनी माझा डावा हात रुमालाने बाकाला बांधला होता. वाईट माणूस नव्हता. सगळ्या डावऱ्या पोरांचं तो तेच करायचा. मी उजव्या हाताने काही लिहीना, मग पाटी कोरी आणि मी मठ्ठ. तू आलीस ती वावरातून, पाय मातीचे, उंबऱ्याबाहेर उभी.

"बाई, डाव्या हातानं लिहिलेलं बरं दिसत नाही," गुरुजी म्हणाले. "उद्या हिला नोकरीला कोण घेईल?"

"कलेक्टर लिहितो की डाव्यानं."

"कुठला कलेक्टर?"

"पिक्चरातला. मी डोळ्यांनी बघितलंय."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. "अहो, पिक्चर खोटा असतो."

"असंल. हात तर खरा व्हता." तू पदर सारखा केलास. "आपला तलाठी उजव्यानं लिहितो, गुरुजी. बघा, तलाठीच राह्यला."

गुरुजी तलाठ्याला ओळखत होते. ते बराच वेळ हसत राहिले आणि हसत हसतच त्यांनी रुमाल सोडला. माझं शिक्षण तिथून सुरू झालं. त्या रुमालाखाली राहिले असते तर चौथीच्या पुढे गेले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत्या माझ्या शेजारी बसली होती. मला जरा हसवावं म्हणून तिने ही गोष्ट काढली. "तुझ्या आयनं मास्तरला थाप मारली आन् तू शिकलीस," ती म्हणाली. "त्यो पिक्चर म्या दौंडच्या टॉकीजात बघितलाय. डावरा न्हाई आन् बिवरा न्हाई." तिच्या मनात काही नव्हतं. मीही हसले. पण ते आत कुठेतरी अडकलं.

थाप मारली याचं मला काही वाटलं नाही. माझ्यासाठी मारली असती तर मी ती डोक्यावर घेतली असती. अडचण दुसरी होती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी तुला विचारायचे, दुखतंय का? तू म्हणायचीस, "न्हाई दुखत. तू जा परीक्षेला." मी ते मानलं. गेले, पेपर लिहिले, परत आले तेव्हा तू होतीस, आणखी काही दिवस होतीस, आणि दर वेळी म्हणालीस, न्हाई दुखत. आत्याच्या त्या एका वाक्यानंतर मला वाटू लागलं की माझं चालावं म्हणून तू गुरुजींना जे सांगितलंस, तसंच हेही सांगितलं असशील. एक खोटं निघालं की दुसरं निघणारच होतं. म्हणून मी पिक्चर शोधला नाही.

गेल्या महिन्यात शोधला. काळापांढरा, प्रिंट खराब, माणसांचे चेहरे पिठासारखे. म्हातारी आली. शिपायाने हटकलं. खुर्ची, अर्ज, सगळं तू सांगितल्यासारखं. मग नुसता हात. संगीत खरंच थांबतं आणि टाकाचा आवाज येतो. हात उजवा होता. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. उजवाच.

रविवारी खुटबावला मामाकडे गेले. न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून. रस्ता आता चांगला झालाय. मामा ओट्यावर बसला होता, त्याला कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं. मी सरळ विचारलं, आईने तो कलेक्टरचा पिक्चर कुठे पाहिला होता?

"आपल्याच गावात की. लगीन व्हायच्या आदी," मामा म्हणाला. "जत्रंला पिक्चर असायचा. दोन बांबू रोवायचं, मधी पडदा. म्होरं गाव बसायचं. आपली वस्ती मागं."

"मागे म्हणजे?"

"पडद्याच्या मागं. मागनं बी दिसतंय की सगळं. फकस्त उलटं दिसतंय."

"तुम्हाला मागे बसा म्हणून सांगायचे?"

"सांगायला कशाला लागतंय? म्होरं सतरंजी टाकल्याली असायची. ती भरायची."

मामाला वाटलं मला कळलं नाही. "मला वाचाया येत व्हतं. नावं लागली की सगळी अक्षरं उलटी. मग मी पळत म्होरं जायाचा, उभ्या उभ्या वाचून यायाचा. त्या कलेक्टरच्या टायमाला मी म्होरंच व्हतो. सकाळी आक्का म्हणती, कलेक्टर डावरा व्हता. मी म्हणलं, डावरा कसला, आपण मागं बसतो म्हणून तुला तसा दिसला. त्यानं उजव्यानं सही केली, मी म्होरनं बघितलंय."

"मग?"

"मग काय. माझ्याव डाफरली. म्हणली, मागनं बघितलं म्हंजी खोटं बघितलं व्हय? मला दिसलं ते दिसलं."

आतून मामी म्हणाली, "भाची कवा नाय ती आली, तर तिच्या आयची गाऱ्हाणी सांगत बसलाय. चहा द्या तिला."

"गाऱ्हाणं न्हाई गं," मामा म्हणाला. "लई हट्टी व्हती, एवढंच."

म्हणजे तुला ठाऊक होतं. शाळेच्या उंबऱ्यावर उभी राहिलीस तेव्हाही ठाऊक होतं की पुढे सतरंजीवर बसलेल्यांना दुसरा हात दिसला असणार. तू फसली नव्हतीस आणि गुरुजींना फसवलंही नव्हतंस. मी डोळ्यांनी बघितलंय, असं म्हणालीस. तुझ्या जागेवरून तो डावाच होता. येताना पुलावर मी गाडी थांबवली. छातीवरून काहीतरी उतरत होतं आणि चालवणं जमेना. जी बाई आपल्या जागेवरून दिसलेलं सोडायला सख्ख्या भावासाठीसुद्धा तयार नव्हती, ती मला दुखत नाही म्हणाली, तेव्हा तिला दुखत नसणार. निदान तिने ज्याला दुखणं म्हटलं असतं तसं नसणार. हे तर्काला धरून नाही, मला कळतं. तरी पुलावरून निघाले ती वेगळी निघाले.

सोमवारी वर्गात माझा प्रसंग सांगितला. म्हातारी, खुर्ची, टाकाचा आवाज. कलेक्टर डाव्या हाताने सही करतो, असं म्हणाले. पुढच्या बाकावरच्या मुलीने तोवर मोबाईलवर तो शोधला होता.

"मॅडम, उजव्या हाताने करतोय."

"तू पुढून बघतेयस," मी म्हटलं.

तिने मोबाईल उलटा करून त्याची मागची बाजू पाहिली. वर्ग खो खो हसला, मीही. मग मी त्यांना बांबू, पडदा, सतरंजी आणि वस्ती सगळं सांगितलं. आम्ही कुठल्या वस्तीतले हे मी या वर्गात कधी बोलले नव्हते. सांगताना आवाज नीट राहिला. कारेगावचा मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हंजी आमच्या आजीनं पण असाच बघितला असंल." मी म्हटलं, विचार तिला.

दुखण्याचं मात्र त्यांना सांगितलं नाही. तेवढं तुलाच लिहितेय, आणि हे पाठवायला कुठे जागा नाही, म्हणून टेबलावरच राहील. तू म्हणालीस ते मी मानलंय, आई. पण एखाद्या संध्याकाळी ते पुन्हा डळमळतं. मग मी तो सीन लावते आणि हात आला की तो तुझ्या बाजूने बघते.